चित्राची मागची बाजू

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका फ्रेमवाल्याकडे माझं तीसेक वर्षं जाणं-येणं आहे. नोकरीत होतो तेव्हा शाळेतली चित्रं माउंट करून घ्यायला जायचो, आता नुसता बसायला जातो. दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात शहापुरातलं एक कुटुंब आजोबांनी काढलेलं जलरंगातलं निसर्गचित्र घेऊन तिथं आलं. काचेला आतून बुरशी धरलेली, एक कोपरा पाणी पिऊन तपकिरी झालेला. फ्रेमवाल्यानं चित्र पालथं घातलं, गंजलेले खिळे पकडीनं उचकटले, मागचा पुठ्ठा ओढून काढला आणि कोपऱ्यातल्या ढिगावर भिरकावला. पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं दिसलं म्हणून मी तो उचलला. एक तारीख होती, एका घाटाचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘दुसरा प्रयत्न. पहिला फाडला.’

‘‘हे टाकतोस कशाला रे?’’ म्हटलं.

तर म्हणाला, ‘‘मास्तर, मागचं कोण बघतंय? लोकं फुडनंच बघत्यात की.’’

घरच्यांनाही त्या पुठ्ठ्याचं काही नव्हतं. त्यांना नवी सोनेरी पट्टी हवी होती आणि गणपतीच्या आत चित्र भिंतीवर हवं होतं. फ्रेमवाल्याचं मला आजही चुकीचं वाटत नाही, गिऱ्हाईक जे मागतं ते तो देतो. पण आपल्या गावातली चित्रांची झाडून सगळी प्रदर्शनं त्याच्या त्या एका वाक्यावर उभी आहेत, हे मात्र त्या दिवशी डोक्यात बसलं ते बसलंच.

आपल्याकडे चित्रकाराचं प्रदर्शन म्हणजे सत्कार. पत्रिका छापायची, दीपप्रज्वलन करायचं, शाल-श्रीफळ द्यायचं. चित्रकार हयात नसला तर फोटोला हार घालायचा. चित्रं लावायची रीत ठरलेली: गणपती पहिला, मोठ्या फ्रेमा समोरच्या भिंतीवर, लहान दाराजवळ, आणि ज्यांना खिळा मिळाला नाही ती टेबलावर टेकवून. कुठलं चित्र कधीचं, आधी काय आणि नंतर काय, याचा मागमूस नाही. नावाची चिठ्ठी असते, तिच्यावर ‘निसर्ग’ किंवा ‘मातृत्व’ असं काहीतरी असतं, माप असतं, विकायचं असेल तर किंमत असते. साल नसतं. तीन दिवसांनी सगळं गुंडाळून ज्याचं त्याच्या घरी. बघणाऱ्याला वाटतं, हा गृहस्थ आईच्या पोटातूनच पोर्ट्रेट शिकून आला असावा.

याचा तोटा कुणाला होतो हे मी वर्गात पाहिलंय. चौदा-पंधरा वर्षांची, हात बरा असलेली पोरं असली प्रदर्शनं बघून येतात आणि दुसऱ्या दिवशी कागद घ्यायलाच तयार नसतात. ‘‘सर, असं मला जन्मात जमायचं नाही.’’ खरंच आहे, पंधराव्या वर्षी त्या चित्रकारालाही जमत नव्हतं. पण ते सांगणारी एकही चौकट भिंतीवर नसते. ज्यांना चित्रकलेत गती नव्हती ती पोरं कधी माझ्या हातून सुटली नाहीत, त्यांना गुणांपुरतं काढायचं होतं. सुटली ती ही दुसरी.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते गावातल्या मित्रांना आवडत नाही हे ठाऊक असून मांडतोय: बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या चित्रकारांची यापुढची प्रदर्शनं कालक्रमानं लावली जावीत, त्यांत कच्ची, फसलेली, नक्कल केलेली चित्रंही असावीत, आणि असं प्रदर्शन उभं करता येईल इतपत नोंदी होईपर्यंत नव्या स्मारकाची, कलादालनाची, पुतळ्याची मागणी आपण बाजूला ठेवावी. पत्रिकेवर ‘सिंहावलोकन’ हा शब्द आपण सढळ हातानं छापतो. पण सिंहानं मान वळवली तर मागं काहीतरी दिसायला पाहिजे.

अशा मांडणीत नेमकं काय मिळतं, ते व्हिन्सेंट व्हॅन गॉगवरून सांगतो. ॲमस्टरडॅमला मी गेलेलो नाही, जाईन असंही वाटत नाही. पण तिथल्या संग्रहालयातली चित्रं आणि त्याची पत्रं आता घरबसल्या बघता-वाचता येतात, आणि निवृत्त माणसाला रात्री झोप कमी असते. चित्रकार व्हायचं हे या माणसानं ठरवलं १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. आमच्याकडे त्या वयात पोराला ‘आता नोकरी बघ’ म्हणतात. ठरवल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं? शार्ल बार्ग नावाच्या माणसानं काढलेले चित्रकलेच्या धड्यांचे तक्ते मिळवले आणि ते गिरवत बसला. ज्यांनी कधी इंटरमिजिएटला बसून कॉपी काढलीय त्यांना हे वाचून गंमत वाटेल. पुढं पर्स्पेक्टिव्ह जमेना म्हणून दोऱ्या ताणलेली एक लाकडी चौकट बनवून घेतली, ती शेतात रोवायची आणि तिच्यातून बघून काढायचं. १८८५ मध्ये ‘बटाटे खाणारे’ काढायच्या आधी शेतकऱ्यांचे चाळीसेक चेहरे काढून झाले होते. ते सगळे काळपट, मातकट आणि बरेचसे बेढब आहेत. मग १८८६ मध्ये तो पॅरिसला जातो आणि दोन वर्षांत रंगपेटी उजळते. तिथं तो स्वतःचाच चेहरा पुनःपुन्हा काढतो, कारण मॉडेलला द्यायला पैसे नसतात. १८९० मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, तो पुन्हा बार्गचे तेच तक्ते काढून गिरवतो!

या शेवटच्या गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबलो. सूर्यफुलं काढून झालेला माणूस परत पाटी घेऊन पहिलीत बसतो. नुसतं सूर्यफुलांचं चित्र भिंतीवर लावलं असतं तर हे कुणाला कधी कळलं असतं?

आणि हे सगळं टिकलं कुणामुळं? भाऊ थिओ त्याच्यामागोमाग सहा महिन्यांत गेला. थिओची विधवा बायको, यो, तान्हं मूल आणि घरभर न विकली गेलेली चित्रं घेऊन राहिली. ही अडगळ काढून टाक असं सांगणारे तिलाही भेटलेच असणार. तिनं चित्रं राखली, पत्रं तारीखवार लावून १९१४ मध्ये छापली. त्यातलं आपल्याजवळचं पुढं तिच्या मुलानं मोडून न विकता एकत्र ठेवलं, आणि १९७३ मध्ये ते संग्रहालय उघडलं. म्हणजे ज्याला आपण जगप्रसिद्ध संग्रहालय म्हणतो, त्याच्या पायात एका बाईचं माळा न झाडणं आहे.

आपल्या देशातलं एक उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलंय. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमृता शेरगिलची चित्रं आहेत. १९३२ मध्ये पॅरिसला काढलेलं दोन तरुणींचं चित्र अगदी तिथल्या कलाशाळेच्या शिस्तीतलं, अंगावरचा उजेड, कापडाच्या घड्या, सगळं जागच्या जागी. १९३५ मधल्या ‘तीन मुली’त घड्या कमी होतात, चेहरे उतरतात, रंग सपाट व्हायला लागतो. मग ती अजिंठा बघते, दक्षिणेकडं फिरते, आणि १९३७ मधल्या ब्रह्मचाऱ्यांच्या चित्रात पॅरिस जवळजवळ विरघळून गेलेलं असतं. पाच वर्षं! १९४१ मध्ये ती अठ्ठाविसाव्या वर्षी गेली, त्यामुळं मोजायला अंतर थोडकंच आहे. पण वेगवेगळ्या शहरांतल्या वेगवेगळ्या दिवाणखान्यांत ही तीन चित्रं टांगलेली असती, तर अजिंठ्यानं तिच्या हाताचं काय केलं ते दिसलं नसतं. दोन चित्रांच्या मधल्या रिकाम्या भिंतीत ते दिसतं.

आता आपल्या गावाकडं.

बेळगावात चित्रकलेची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. के. बी. कुलकर्णींनी इथं राहून व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं काढली आणि पिढ्यांना हातात ब्रश धरायला शिकवलं. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाच्या वास्तूत त्यांच्या नावाचं कलादालन आहे आणि तिथं प्रदर्शनंही भरतात. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. १९३५ मध्ये बेळगावात जन्मले, इथं शिकले, मुंबईला जाहिरातींच्या आणि वृत्तपत्रांच्या जगात गेले, काही वर्षं नैरोबीत काम केलं, परत येऊन बांधकाम व्हायच्या आधीच इमारत कशी दिसेल हे दाखवणारी चित्रं काढण्यात नाव कमावलं, आणि उत्तरार्धात पुण्यात स्वतःच्या शैलीतली पेंटिंग्ज केली. २०२२ मध्ये ते गेले. स्वतःच्या घडणीबद्दल त्यांनी ‘ब्रश मायलेज’ या आत्मकथनात लिहिलंय, आणि हा शब्दच मला फार आवडतो. गाडी किती पळाली ते बघावं तसं ब्रश किती चालला ते बघायचं.

पण आपण त्यांचं प्रदर्शन भरवलं तर काय लावू? शेवटची झगमगीत पेंटिंग्ज लावू. जाहिरातीची कामं ‘पोटासाठी केलेली’ म्हणून बाजूला ठेवू, इमारतींची चित्रं ‘ती काय कला नव्हे’ म्हणून वगळू, आणि बेळगावातल्या शिकाऊ वयातलं काही सापडलंच तर ‘हे लहानपणीचं’ म्हणून काचेच्या कपाटात एका कोपऱ्यात. माझ्या मते नेमकं उलट व्हायला पाहिजे. इमारतीच्या चित्रात चुन्याच्या भिंतीवर दुपारचा उजेड कसा पडतो हे ज्यानं शेकडो वेळा गिऱ्हाइकाच्या घाईत काढलं, त्याच्या पुढच्या चित्रांतली सजावट त्या घाईतूनही घडलेली असणार. असेल किंवा नसेल. शेजारी-शेजारी लावल्याशिवाय कळणार कसं? आणि सुरुवातीच्या भिंतीवर गुरूंचं एक आणि शिष्याचं एक अशी दोन निसर्गचित्रं लागली, तर माझ्यासारखे मास्तर नुसती तीच बघत तासभर उभे राहतील.

इथं सीमेचा प्रश्न येतो, आणि तो टाळून बेळगावात कशावरही लिहिता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी हा भाग मुंबई राज्यात होता. मोठ्या परीक्षा मुंबईच्या, ‘जी. डी. आर्ट’ची पदविका मुंबईची, आणि चित्रकार व्हायचं म्हणजे मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय. धारवाडला चित्रकलेची शाळा काढणारे डी. व्ही. हालभावी कन्नड मुलखातले, पण शिकले तेही जे. जे.मध्येच. माझ्या वडलांच्या पिढीनं एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली, आम्ही कर्नाटकाची लोअर आणि हायर दिली. स्थिरचित्रातला तांब्या तोच, मडकं तेच, प्रमाणपत्रावरचा शिक्का तेवढा बदलला. त्या पिढीतल्या इथल्या चित्रकारानं घर न बदलता राज्य बदललं. त्याच्या हयातीच्या बरोब्बर मधून ती रेषा जाते.

म्हणून काय होतं, तर त्याचे दोन तुकडे पडतात. महाराष्ट्राला त्याचा मुंबईतला काळ आठवतो. बाकीचं आयुष्य ‘सीमाभागातला उपेक्षित कलावंत’ या एका ओळीत बसवलं जातं आणि साहित्य संमेलनात त्याचा उल्लेख झाला की ऋण फिटतं. कर्नाटकाच्या लेखी तो जिल्ह्यातला एक ज्येष्ठ कलाकार, राज्योत्सवाच्या आसपास सत्काराच्या यादीत बसणारा. १९४४ मध्ये तो काय काढत होता आणि १९६४ मध्ये त्यात काय फरक पडला, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. कालक्रमानं भिंत लावायची म्हटली की मात्र दोघांनाही आपापला तुकडा दुसऱ्याच्या शेजारी आणून ठेवावा लागतो. मला या मांडणीचं अप्रूप आहे ते निम्मं याच्यासाठी. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून सीमेचा दावा आहे. तो लागेल तेव्हा लागेल, बुरशी तोवर थांबत नाही.

मित्रांचे आक्षेप तीन प्रकारचे असतात. पहिला घरच्यांचा: ‘‘बाबांची वाईट चित्रं लोकांना कशाला दाखवायची? नाव जाईल, भाव पडेल.’’ भावाचं मला कळत नाही. नावाबद्दल मात्र योच्या माळ्याकडं बोट दाखवतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. चित्रकारालाच नको असेल तर? त्यानं फाडलेलं आपण का चिकटवायचं? कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्याबद्दल सांगतात, की १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. ही कथा आपण कलावंताच्या विरक्तीची म्हणून सांगतो, ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. मला ती ऐकली की पोटात खड्डा पडतो, कारण त्या माणसाच्या वाढीची मधली पानं तळ्यात गेली आणि आता उरलेल्या चित्रांवरून आपण नुसते अंदाज बांधतो. तरीही त्यांना तो हक्क होता, हे मी मान्य करतो. ज्यानं स्वतः नष्ट केलं ते गेलं. पण चित्रकारानं मागं तारीख टाकून, ‘दुसरा प्रयत्न’ असं लिहून, पुठ्ठा लावून जपून ठेवलेलं चित्र असेल, तर त्याची इच्छा काय होती हे वेगळं विचारायला नको.

तिसरा आक्षेप माझ्या एका कन्नड मित्राचा, तोही चित्रकलेचाच मास्तर. तो म्हणतो, तुमच्या या मांडणीत माणूस नेहमी वरच चढत जातो. पहिल्या भिंतीवर कच्चा, शेवटच्या भिंतीवर पक्का. खऱ्या आयुष्यात असं होतं का? यात तथ्य आहे. ‘विकास’ हा शब्द रस्त्याच्या पाट्यांवर वाचून-वाचून आपल्याला त्याची एकच दिशा माहीत झाली आहे. पीट मोंद्रियान या डच चित्रकाराची झाडं दरवेळी याच कामी वापरतात: १९०८ च्या सुमारास सुरू केलेलं लाल झाड, १९११ मधलं करडं झाड, १९१२ मधलं फुललेलं सफरचंदाचं झाड, जिथं झाड ओळखूसुद्धा येत नाही, आणि मग नुसत्या सरळ रेषांच्या चौकटी. जणू पहिलं झाड काढतानाच शेवटची चौकट ठरली होती. हा नंतर रचलेला शहाणपणा. मित्रानं मला म्हैसूरच्या के. वेंकटप्पांची आठवण करून दिली. कलकत्त्याला अवनींद्रनाथांच्या हाताखाली शिकले, उटी-कोडाईकनालची धुकट जलरंगातली चित्रं काढली, प्लास्टरमध्ये उठावचित्रं केली, आणि वीणेच्या नादात रंग मागं पडले. हा चढ की उतार? चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं घ्या. नागपुरात जन्मलेला गोव्याकडच्या घराण्यातला माणूस, सुरुवातीला आकृत्या काढणारा, पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराच्या रेषेवर लुब्ध झालेला. मग आकृती सोडून रोलर आणि नाइफनं रंगाचे थर चढवणारा-उतरवणारा. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं २०१४ मध्ये त्याचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. आधीची चित्रं ‘अजून न जमलेली’ असं कुणी म्हणेल का? मला तरी त्यातली काही नंतरच्यांपेक्षा जवळची वाटतात.

तर मित्राचं मी मान्य केलं आणि माझं म्हणणं थोडं वाकवलं: क्रम लावा, पायऱ्या लावू नका. साल लिहा, ‘प्रगल्भ काळ’ लिहू नका. मागं जाणं, अडकून पडणं, वर्षानुवर्षं तेच मंदिर काढत राहणं, हेही भिंतीवर दिसू दे. दहा वर्षं एकही चित्र नसेल तर तेवढी भिंत रिकामी सोडा. आमच्याकडच्या शिक्षक-चित्रकारांच्या आयुष्यात अशा रिकाम्या भिंती पुष्कळ निघतील. जनगणना, निवडणुकीची कामं, बहिणींची लग्नं.

हे सगळं कुणी करायचं? राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची दिल्लीबाहेरची दोन केंद्रं, एक मुंबईत आणि एक बंगळुरात. बेळगाव दोघांपासून साधारण पाचशे किलोमीटरवर, म्हणजे दोघांच्याही सारखंच नजरेबाहेर. ८ फेब्रुवारी २०१९ ची गोष्ट आठवत असेल. मुंबईच्या केंद्रात चित्रकार प्रभाकर बरव्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. अमोल पालेकर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, की मुंबई आणि बंगळूर दोन्हीकडच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बंद झाल्यात, कुणाचं प्रदर्शन भरवायचं ते आता दिल्लीत ठरणार. त्यांना मध्येच थांबवलं गेलं. तेव्हा वाद रंगला तो भाषण अडवण्यावर, आणि तो रंगायलाच हवा होता; पण मूळ मुद्दा मागं पडला. ज्या गावात चित्रकार वाढला त्या गावाला त्याच्या प्रदर्शनात तोंड घालायची जागा आहे का? बंगळुरात वेंकटप्पांच्या नावाचं सरकारी कलादालन एका खासगी प्रतिष्ठानाच्या हाती जाणार म्हटल्यावर तिथले कलावंत रस्त्यावर आले. आपल्याकडे कुणाच्या हाती जायला सरकारी दालनच नाही. त्यामुळं भांडायला कुणी नाही, ही सोय म्हणावी तर सोय.

म्हणून इमारत आधी नको. कोल्हापुरात चंद्रकांत मांडऱ्यांनी, सिनेमातल्या त्या देखण्या नटानं, राहतं घर आणि चित्रं शासनाला दिली आणि त्याचं संग्रहालय झालं. पण तिथं चित्रकार, घर आणि चित्रं तिन्ही एका जागी होती. आपल्याकडची चित्रं शाळेच्या मधल्या मार्गात, पतसंस्थेच्या संचालक मंडळाच्या खोलीत, देवळाच्या कार्यालयात, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये आणि कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांत पांगलेली आहेत. एका शाळेत मी स्वतः पाहिलं: रंगरंगोटी काढली तेव्हा संस्थापकांचं तैलचित्र उतरवून व्हरांड्यात ठेवलं, रंगाऱ्यांनी त्यावर पाय देऊन काम केलं, आणि नंतर त्या जागी डिजिटल फ्लेक्स आला. कुणाचा राग यावा हेही कळेना. ते चित्र कुणी, कधी काढलं याची नोंद कुठंच नव्हती, मग ते मोलाचं आहे हे शिपायाला कसं कळावं?

वही पाहिजे. चित्र पुढून एक फोटो, मागून एक फोटो. माप, माध्यम, तारीख, मागचा मजकूर जसाच्या तसा, कुणाकडं आहे. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, गावात चित्रकलेचे निवृत्त मास्तर डझनावारी आहेत आणि त्यांच्या बायका त्यांना घराबाहेर काढायला उत्सुक आहेत. मालकी मालकाची राहू दे, चित्र त्याच्याच भिंतीवर राहू दे. प्रदर्शनापुरतं दोन महिने उसनं, लेखी पावतीवर. हे ठेवायचं कुठं, तर आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेत. १८४८ पासून पुस्तकं जपणाऱ्या घराला एक वही जड होणार नाही.

बाकी तांत्रिक गोष्टी फार नाहीत, पण त्या पाळाव्या लागतील. जलरंगाच्या कागदावर पन्नास लक्सच्या (उजेड मोजायचं माप) वर उजेड नको म्हणतात, तैलरंगाला दोनशेपर्यंत चालतो. आपण मंगल कार्यालयातले हॅलोजन लावतो. जून ते सप्टेंबर कागदाची चित्रं घराबाहेर काढायचीच नाहीत. बुरशी ओल्या फडक्यानं पुसायची नाही, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन करणारी माणसं आहेत, त्यांना विचारायचं. आणि फ्रेम बदलताना जुना पुठ्ठा, जुना कागद, त्याच्यावरचा शिक्का, किंमत, वाटेल ते, एका पाकिटात घालून नव्या फ्रेमच्या पाठीला चिकटवायचं. खर्च दहा रुपये.

गेल्या वर्षी आम्ही सहा-सातजण याच्यासाठी एकदा बसलो होतो. वहीचा नमुना पाच मिनिटांत ठरला. मग कुणीतरी विचारलं, प्रदर्शनात चित्राखालची पट्टी कुठल्या भाषेत? मराठीत, एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, कन्नड वर पाहिजे, नाहीतर पहिल्या दिवशीच दालन बंद होईल. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नडचा कायदा आहे, चित्राच्या पट्टीला कोण विचारतो ते बघू. तिसऱ्यानं गावाचं नाव काढलं. बेळगाव लिहायचं की बेळगावी? २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावीच आहे. आवाज चढले, चहा निवला, दोघं उठून गेले.

माझा कन्नड मित्र तोवर गप्प होता. त्यानं मोबाइल काढून आधी टिपलेले तीन-चार चित्रांच्या मागच्या बाजूचे फोटो टेबलावर ठेवले. एकावर शाईनं इंग्रजीत ‘बेलगॉम’ होतं, एकावर मोडी वळणाच्या अक्षरात ‘मु. शहापूर, संस्थान सांगली’, एकावर कन्नडमध्ये नुसतं देवळाचं नाव आणि त्याखाली मराठीत ‘सकाळी सात, धुकं’. तो म्हणाला, पट्टीवर हेच उतरवू, जसंच्या तसं, ज्या लिपीत आहे त्या लिपीत. खाली दोन्ही भाषांत अर्थ देऊ, लहान अक्षरात. उठून गेलेल्यांपैकी एकजण अजून जिन्यातच होता, चपला शोधत. त्याला वर बोलावलं.